सोनई टू हनोई, व्हाया सरपंच

आधी एक गोष्ट क्लिअर करून टाकतो. आमच्या घराला दार आहे. दाराला कडी आहे, कडीला कुलूप आहे आणि कुलपाची किल्ली आईच्या कमरेला आहे.

हे सांगावं लागतं, कारण पुण्यात ऑफिसमध्ये कुणी 'गाव कुठलं रे?' विचारलं आणि मी 'सोनई' म्हटलं की समोरच्याचा चेहरा एकदम ब्लँक होतो. मग 'नेवासा तालुका' म्हणून बघायचं. तरी ब्लँक. शेवटी 'अरे, शनिशिंगणापूरच्या शेजारी, पाच-सहा किलोमीटरवर' असं म्हटलं की ट्यूब पेटते. 'ओह्, जिथे घरांना दारंच नसतात?' नसतात, पण ती शिंगणापुरात. २०११ साली तिथे एका बँकेनंसुद्धा बिनकुलपाची शाखा उघडली होती आणि देशभर त्याच्या बातम्या झाल्या होत्या. आमच्या सोनईत साखर कारखाना आहे, मुळेच्या कालव्याचं पाणी आहे, नजर जाईल तिथवर ऊस आहे. आणि दारं आहेत.

आता सरपंच. सरपंच म्हणजे माझा दोस्त. पहिलीपासून एका बाकावर. तो सरपंच वगैरे काही नाही, ग्रामपंचायतीच्या इलेक्शनला कधी उभासुद्धा राहिलेला नाही. सातवीच्या गॅदरिंगमध्ये त्यानं नाटकात सरपंचाचं काम केलं आणि नंतर आठवडाभर फेटा काढलाच नाही, तेव्हापासूनचं हे नाव. आता त्याची मुलंसुद्धा लाडात आली की त्याला सरपंच म्हणतात. बारावीनंतर मी इंजिनीअरिंगला पुण्यात आलो. तो शेतीत राहिला. मी खराडीत फ्लॅट घेतला, त्यानं बोअर घेतला. मी क्यूबिकलमधून सातव्या मजल्यावरचा पाऊस बघतो, तो बांधावरून.

या सरपंचाला घेऊन मला कुठेतरी लांब जायचं होतं. का, ते पुढे सांगतो. तेव्हा मात्र मी त्याला सरळ थाप मारली. 'कंपनीच्या लकी ड्रॉमध्ये दोघांची व्हिएतनामची ट्रिप लागलीय.'

'बायकोला ने की मग.'

'तिला सुट्टी नाहीये रे.' (तिला सुट्टी होती. शिवाय प्लॅनही तिला माहीत होता.)

'व्हिएतनाम म्हंजे जिथं महाराजांचा पुतळाय, तेच का?'

हा पुतळा तुम्हालाही माहीत असेल. तो व्हॉट्सअॅपवर दर सहा महिन्यांनी येतो. अमेरिकेला व्हिएतनामनं हरवलं ते शिवाजी महाराजांचा गनिमी कावा वाचून, म्हणून तिथे महाराजांचा पुतळा उभारलाय, वगैरे. मी म्हटलं, बघू. सरपंच म्हणाला, 'बघू काय? दर्शन घ्यायचं. फक्त ऊस जाऊ दे.'

ऊस जाऊ दे, म्हणजे तोड होऊन कारखान्याला जाऊ दे. तोडीची टोळी काही आमच्या विमानाच्या टाइमटेबलनं येत नाही. दोनदा तारखा बदलल्या आणि अखेर २०२५ च्या मार्चमध्ये निघालो. ई-व्हिसा ऑनलाइन मिळतो, मुंबईहून थेट फ्लाइट आहे, पाच तासांच्या आत-बाहेर पोचता. पुण्याहून ऑफिसच्या रविवारी सोनईला जायचं म्हटलं तर वाघोलीच्या ट्रॅफिकसकट जवळजवळ तेवढेच लागतात. निघण्याआधी घोळ झाला तो नावाचा. सरपंच गावभर सांगत सुटला, 'हनोईला चाललो.' लोक म्हणायचे, 'आरं, सोनईतच तर हाईस!'

हनोईत उतरलो आणि पहिलं काम म्हणजे पैसे. इथलं चलन डोंग. आम्ही गेलो तेव्हा एका रुपयाला साधारण तीनशे डोंग पडत होते. मी एटीएममध्ये कार्ड घातलं आणि तीस लाख काढले. हो, तीस लाख! म्हणजे आपले दहा हजार. सरपंचानं नोटांचा पंखा करून फोटो काढला आणि घरी पाठवला. खाली कॅप्शन: 'कर्ज फिटलं.' पाच मिनिटांत वहिनींचा फोन, 'कुणाचे पैसे उचललेत?'

'डोंग नाही, ढोंगे हे सगळं,' सरपंच म्हणाला. नोटांवर सगळीकडे हो ची मिन्ह, जसे आपल्याकडे गांधीजी. त्यात शून्यं मोजता मोजता डोळे फिरतात. पाचशेतल्या पाच लाखाची आणि वीस हजाराची, या दोन्ही नोटा निळ्या. ही माहिती मी कुठल्या तरी ब्लॉगवर वाचली होती आणि विसरलो होतो. त्याचं काय झालं ते येतंच.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. माझ्याकडे एक्सेल शीट होतं. सकाळी ८ ते ९.३० हो ची मिन्ह यांची समाधी, ९.३० ते १० फोटो, १०.१५ कॉफी... सरपंचानं ते शीट हातात घेऊन नीट वाचलं आणि विचारलं, 'यात बसायचं कुठंय?'

'बसायचं म्हणजे?'

'नुसतं बसायचं. लोक बघत.'

त्याचा कॉलम नव्हता. असो. आम्ही समाधीकडे निघालो आणि रस्ता क्रॉस करायची वेळ आली. मित्रांनो, आपण पुणेकर टू-व्हीलरच्या गर्दीला भीक घालत नाही, असा माझा समज होता. हनोईत साठ लाखांवर दुचाक्या आहेत, आणि त्यातल्या निम्म्या तरी त्या क्षणी माझ्या समोरून चालल्या होत्या. एकेका स्कूटरवर काय नव्हतं! फुलझाडाच्या कुंड्या, अंड्यांचे ट्रे, आख्खा फ्रीज. सिग्नल नाही, गॅप नाही. मी फुटपाथवर पाऊल पुढे-मागे करत नाच करत होतो. सरपंचानं माझं मनगट धरलं आणि सरळ रस्त्यात उतरला. ना धावला, ना थांबला. एका चालीत, वरातीतून चालावं तसा. आणि गंमत म्हणजे सगळ्या स्कूटर्स आमच्या दोन्ही बाजूंनी पाण्यासारख्या फुटून गेल्या. पलीकडे गेल्यावर म्हणाला, 'ढोरांच्या कळपातून जाताना थांबलं का जनावर बुजतं. चालत ऱ्हायचं.' नंतर हॉटेलवाल्या पोरानंही आम्हाला अगदी हेच सांगितलं, फक्त ढोरं वगळून.

समाधी बंद होती. सोमवारी आणि शुक्रवारी ती बंदच असते. गेटवरच्या पांढऱ्या ड्रेसमधल्या जवानानं अतिशय नम्रपणे मान हलवली. माझ्या एक्सेल शीटची पहिलीच ओळ लाल झाली आणि सरपंचाचा चेहरा खुलला. 'चला, आता बसू.'

आम्ही जुन्या पेठेत गेलो. हनोईच्या या ओल्ड क्वार्टरला 'छत्तीस गल्ल्या' म्हणतात. पूर्वी एकेका गल्लीत एकेक धंदा चालायचा आणि गल्ल्यांची नावं अजून त्यावरूनच आहेत. चांदीची गल्ली, रेशमाची गल्ली, साखरेचीसुद्धा एक. आपली बोहरी आळी, तांबट आळी असते ना, तसंच. मार्चमधलं हनोई म्हणजे आकाश राखाडी आणि हवेत झिमझिम. छत्री उघडावी इतका नाही, पण चष्मा पुसत राहावं लागतं असा पाऊस. एका कोपऱ्यावर एक मावशी गाडी लावून उभ्या होत्या आणि गाडीवर, विश्वास ठेवा, ऊस होता!

सरपंच थबकला. मग माहेरचं माणूस दिसावं तसा पुढे गेला.

त्याला व्हिएतनामी येत नाही, मावशींना मराठी नाही, इंग्रजी दोघांनाही बेताचंच. तरी त्यांचं संभाषण वीस मिनिटं चाललं. त्यानं एक कांडं उचललं, पेरं मोजली, डोळ्याजवळ नेऊन कांडीची जाडी बघितली. बोटानं जमिनीपासून उंची दाखवून भुवया उडवल्या, म्हणजे किती वाढतो? मावशींनी हात डोक्याच्या वर नेला. मग त्यानं मोबाइलमध्ये आपला फड दाखवला. शहाऐंशी-झिरो-बत्तीस, असं वाणाचं नावही सांगितलं, जणू त्यांना ते कळणार होतं. मावशींनी फोटो झूम करून बघितला, मागे बसलेल्या सासूला (बहुतेक सासूच, तोंडावरून) दाखवला, आणि दोघी काहीतरी बोलून हसल्या. मी प्लॅस्टिकच्या बुटक्या स्टुलावर गुडघे कानाला लावून बसलो होतो. एक्सेल शीटमध्ये नसलेला तो कॉलम असा भरत होता.

रसाला इथे नुओक मिया म्हणतात. त्यात आपल्यासारखं आलं-लिंबू नसतं, तर क्वात नावाचं छोटंसं, सुपारीएवढं हिरवट संत्रं उसाबरोबरच चरकातून पिळतात. काय सांगू! गोडावर आंबट, त्यावर सालीचा सुगंध. आपल्या रसवंतीतल्या घुंगरांचा आवाज तेवढा नव्हता. सरपंचानं दोन ग्लास प्यायले आणि म्हणाला, 'आपल्याकडं रसात हे झाड पाहिजे राव.'

दोन ग्लासचे वीस हजार. मी ऐटीत निळी नोट दिली आणि निघालो. पन्नास पावलं गेलो असू. मागून चपलांचा फटफट आवाज आणि आरडाओरडा. मावशी! एका हातात निळी नोट नाचवत, पावसात, गाडी तशीच टाकून पळत आलेल्या. मी वीस हजारांच्या जागी पाच लाख दिले होते. म्हणजे सत्तर रुपयांच्या रसाला सोळा-सतराशे. मावशींनी नोट माझ्या हातात कोंबली, माझ्या पाकिटातून स्वतः वीस हजाराची काढून घेतली, दोन्ही नोटा माझ्या नाकासमोर धरून शून्यं मोजून दाखवली आणि चक्क रागावल्या.

सरपंच एवढंच म्हणाला, 'शिंगणापूरकडची दिसतीय.'

शनिवारी सकाळी समाधीच्या रांगेत उभे राहिलो. खिशात हात नाही, गप्पा नाहीत, कॅमेरा नाही. आत काचेच्या पेटीत ते कृश शरीर. हो ची मिन्ह १९६९ मध्ये गेले. आपलं दहन करावं असं त्यांनी लिहून ठेवलं होतं, पण देशानं त्यांना जपून ठेवलं. बाहेर आल्यावर सरपंच बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, 'म्हाताऱ्याचं शेवटचं ऐकलं नाही राव कुणी.' त्याचे वडील दोन वर्षांपूर्वी गेले. दवाखान्यातून घरी न्या, घरी न्या म्हणत होते. मी तेव्हा दहाव्याला गेलो नव्हतो. रिलीज होती. हे मी इथे लिहितोय, त्याला तेव्हा काही बोललो नाही.

महाराजांचा पुतळा मात्र आवारात कुठे दिसला नाही. दोन गार्डना मोबाइलवर फोटो दाखवून विचारलं, त्यांनी माना हलवल्या.

दुपारी चहाची तल्लफ आली. सरपंच शनिवार धरतो, संध्याकाळी सोडतो, तोवर चहा आणि वहिनींनी दिलेले शेंगदाण्याचे लाडू. तो एका दुकानात शिरून म्हणाला, 'चाय? चाय?' दुकानदाराचा चेहरा उजळला. 'चाय! चाय!' म्हणत तो आम्हाला दोन गल्ल्या पलीकडे घेऊन गेला आणि एका खानावळीत बसवून निघून गेला. समोर आलं ताट. भात, पालेभाजी, मशरूमचं सार आणि मधोमध मस्त तांबूस तुकडे, तिरके कापलेले, वर चरबीची रेघ.

'आरं हे मटणे!' सरपंच ताडकन उठला. शनिवार, त्यात आम्ही शिंगणापूरच्या दाराशी राहणारी माणसं. (तिथे दारं नाहीत, माहीत आहे.) त्याच्या कपाळावर घाम. मालकीणबाई धावत आल्या, आतून एक पाकीट आणलं. त्यावर सोयाबीनच्या शेंगांचं चित्र होतं. मग भिंतीवरच्या बुद्धाकडे बोट दाखवलं.

भाषांतराच्या अॅपवर हळूहळू उलगडा झाला. 'चाय' म्हणजे व्हिएतनामीत शाकाहारी! बौद्ध लोक महिन्याच्या पहिल्या तिथीला आणि पौर्णिमेला मांस खात नाहीत, चाय खातात, आणि त्या दिवसांसाठी सोया-गव्हापासून हुबेहूब मटणासारखे पदार्थ बनवतात. 'म्हंजे एकादशी अन् दुप्पट खाशी,' सरपंचाचा जीव भांड्यात पडला. संध्याकाळी त्यानं तिथेच उपास सोडला. तर लक्षात ठेवा, व्हिएतनाममध्ये शाकाहारी असाल तर बिनधास्त 'चाय' म्हणा आणि चहा हवा असेल तर चुकूनही म्हणू नका.

आता रविवार. या ट्रिपचा हायलाइट, हा लाँग बे! समुद्रातून सरळ वर आलेले दीड हजारांहून जास्त चुनखडीचे डोंगर, १९९४ पासून युनेस्कोच्या यादीत, डेस्कटॉपच्या वॉलपेपरवर आपण सगळ्यांनी पाहिलेले. सकाळी बसनं निघालो. गाइड एक चुणचुणीत मुलगा होता. वाटेत बाक डांग नदीवरचा मोठा पूल लागला तसा त्यानं माइक घेतला. १२८८ साली याच नदीत चान हुंग दाओ नावाच्या सेनापतीनं मंगोलांचं आरमार बुडवलं. कसं? नदीच्या तळात टोकदार लाकडी खांब रोवून ठेवले, भरतीच्या वेळी शत्रूला आत ओढलं आणि ओहोटी लागली तशी जहाजं खांबांवर चढून फुटली.

'गनिमी कावा!' सरपंच एवढ्या मोठ्यांदा म्हणाला की पुढच्या सीटवरच्या कोरियन आजी दचकल्या. मी मनात हिशेब केला. १२८८. त्यानंतर दोनच वर्षांनी, शके १२१२ मध्ये, आमच्या तालुक्याच्या गावी, नेवाशाला, ज्ञानेश्वरी पुरी झाली. लहानपणी सहलीला पैसाच्या खांबाला टेकून फोटो काढलाय आम्ही दोघांनी.

सरपंचानं मग गाइडला गाठलंच. महाराजांचा पुतळा कुठे आहे? मी ट्रान्सलेटर. गाइडनं फोटो बघितला, शांतपणे सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, असा पुतळा मी तरी पाहिलेला नाही. मग म्हणाला, पण तुमच्या राजासारखा आमचा एक राजा आहे, तो हनोईच्या तळ्यावर भेटेल, आज संध्याकाळी पपेट शो बघणार आहात ना? बघाच.

हा लाँगला पोचलो. बोटीत बसलो. आणि समोर... काहीच नाही. धुकं! मार्चमध्ये इथे असं होतं म्हणे. (हेही त्या ब्लॉगवर असणार.) दीड हजार डोंगरांपैकी आम्हाला तीन दिसले, त्यातला एक बहुधा दुसरी बोट होती. सरपंच डेकवर उभा राहून माझ्या फोनवर धुक्याचे फोटो काढत होता. आणि तेवढ्यात फोनवर मेसेज आला.

बँकेचा. 'आपल्या ट्रॅव्हल खर्चाचे रूपांतर ईएमआयमध्ये झाले आहे...' आकड्यासकट.

त्यानं मेसेज दोनदा वाचला. मग फोन माझ्याकडे दिला. 'कंपनीनं दिली म्हणला होतास ट्रिप.'

आता ते 'का' सांगायलाच हवं. २००८ साली माझी पुण्याला अॅडमिशन झाली तेव्हा होस्टेलचे पैसे भरायला आमच्याकडे नव्हते. दादांचं आजारपण नुकतंच झालं होतं. शेवटच्या तारखेच्या आदल्या रात्री सरपंच सायकलवर आला आणि ओट्यावर प्लॅस्टिकची पिशवी ठेवून गेला. त्यात बावीस हजार होते. त्याच्या वडिलांचं उसाचं बिल आलं होतं. त्यांच्याकडे त्या वर्षी त्याच पैशात पाइपलाइन करायची होती, ती पुढे चार वर्षं झाली नाही. नोकरी लागल्यावर मी तीनदा पैसे परत करायचा प्रयत्न केला. प्रत्येक वेळी 'ऱ्हाऊ दे, लागतील तवा मागंन.' पुढे त्याचे वडील गेले, मी गेलो नाही, आणि मग ते बावीस हजार रात्री-अपरात्री आठवायला लागले. म्हणून ही लकी ड्रॉची आयडिया. पैसे घेत नाहीस ना, मग जग बघ माझ्या खर्चानं.

त्या बोटीवर बघायला काहीच नव्हतं, त्यामुळे भांडण नीट, सविस्तर झालं.

'म्हंजे फेडायला आणलंस मला.'

'तसं नाही रे.'

'मग कसं? आबांनी दिले ते पोराला दिले. तू त्याचं व्याज लावून विमानात बसवलं मला. दहाव्याला यायला तुला सुट्टी नव्हती, अन् इथं यायला सहा दिवस मिळाले.'

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मीही काहीतरी लागेल असं बोललो, ते छापण्यासारखं नाही. परतीचे अडीच तास बसमध्ये आम्ही एका सीटवर बसून दोन वेगळ्या खिडक्यांतून बाहेर बघत होतो. खिडकी खरं तर एकच होती.

पपेट शोचं तिकीट काढलेलं होतं म्हणून गेलो, नाहीतर त्या रात्री कुणालाच हौस नव्हती. थिएटर होआन किएम तळ्याच्या काठालाच आहे. स्टेज म्हणजे पाण्याचा हौद. बाहुल्या पाण्यावर नाचतात आणि त्यांना चालवणारे पडद्यामागे कमरेएवढ्या पाण्यात उभे असतात. ही मूळची भातखाचरातली कला. शेतात पाणी साठलं की शेतकरीच करायचे. ड्रॅगननी तोंडातून पाणी उडवलं, म्हशीवर बसून पोरगं बासरी वाजवत गेलं. मग नावेतून एक राजा आला. पाण्यातून कासव वर आलं. राजानं कमरेची तलवार काढली, कासवानं ती तोंडात धरली आणि बुडी मारली.

अंधारात कोपर लागलं. 'आरं... भवानी तलवार.'

त्या दिवसातलं ते पहिलं वाक्य.

बाहेर येऊन मी मोबाइलवर वाचून दाखवत गेलो आणि आम्ही तळ्याकाठानं चालत राहिलो. शुक्रवार संध्याकाळपासून रविवार रात्रीपर्यंत तळ्याभोवतीचे रस्ते गाड्यांना बंद असतात, त्यामुळे तीन दिवसांत पहिल्यांदा हॉर्न ऐकू येत नव्हता. पोरं स्केटिंग करत होती, एक म्हातारं जोडपं स्पीकर लावून बॉलडान्स करत होतं. तो राजा म्हणजे ले लोई. चीनच्या मिंग सत्तेविरुद्ध त्यानं १४१८ साली बंड केलं, डोंगरदऱ्यांत लपूनछपून दहा वर्षं लढला, जिंकला आणि १४२८ मध्ये गादीवर बसला. कथा अशी, की त्याला ती तलवार जलदेवतेनं दिली होती. राज्य स्थिरावल्यावर राजा या तळ्यात नौकाविहार करत असताना सोनेरी कासव वर आलं आणि म्हणालं, तलवार परत कर. राजानं केली. होआन किएम म्हणजेच 'परत केलेली तलवार'. तळ्यात खरोखरच महाकाय कासवं होती. इथलं शेवटचं जानेवारी २०१६ मध्ये गेलं, तेव्हा शहरात सुतक पडल्यासारखं वातावरण होतं म्हणतात. आता बेटावरच्या देवळात काचेमागे जपून ठेवलेलं कासव तेवढं दिसतं.

'राजा मूळचा कुठला?' सरपंचानं विचारलं.

'लाम सोन गावचा. तिथला जमीनदार, गावचा प्रमुख.'

'सोन? मंग सोनईचाच म्हण की.'

पश्चिमेच्या काठावर एका उंच खांबावर त्या राजाचा छोटासा पुतळा आहे. हातात तलवार, तोंड तळ्याकडे. सरपंचानं बूट काढले, ओल्या फरशीवर उभं राहून हात जोडले. दर्शन घ्यायचं ठरलं होतं, घेतलं. मग बाकावर येऊन मोजे पिळत बसला. मी शेजारी बसलो. बराच वेळ नुसते बसलो, लोक बघत.

'एक बघितलं का,' तो म्हणाला. 'कासवानं मागितली तवा राजानं दिली. मी मागितले का कधी?'

'नाही.'

'मग?'

'दहाव्याला यायला पाहिजे होतं मी.'

तो लगेच काही म्हणाला नाही. मग म्हणाला, 'पाहिजे होतं.' आणि माझ्या खिशातलं एक्सेल शीट काढून मागच्या कोऱ्या बाजूला हिशेब मांडायला बसला. तिकीट, हॉटेल, बोट, पपेट शो, रस. त्याच्या वाटणीचे अर्धे झाले चौसष्ट हजार. मी नाही म्हणतोय, तो ऐकत नाहीये. मग म्हणाला, 'रुपयात लय कमी दिसतंय, इथल्या पैशात कर.' केले. एक कोटी ब्याण्णव लाख.

'एवढ्या कर्जात आपलं गावच नसंल कुणी,' सरपंच खूश झाला.

परत आल्यावर त्यानं गावात सगळ्यांना सांगितलंय, पुण्याच्या माणसाचं आपण जवळजवळ दोन कोटी देणं लागतो. चावडीवर त्याचा भाव वाढलाय म्हणे. बांधावर त्यानं ते क्वात नाही मिळालं म्हणून एका नर्सरीतून कसलंसं बुटकं संत्रं आणून लावलंय, त्याला अजून फळ नाही. आबांच्या वर्षश्राद्धाला यंदा मी एक दिवस आधी जाऊन राहिलो. आणि परवा ऑफिसात, भर मीटिंगमध्ये, त्याचा फोन आला.

'बिल आलं. पंधरा लाख टाकलेत, बघ आले का.'

खात्यात पाच हजार जमा झाले होते.